जर्मलचं फूल

आमच्या बार्शीच्या घरात पणजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक ‘जर्मलचं फूल’ होतं. जर्मल म्हणजे आमच्याकडं ॲल्युमिनियम. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा, तसंच हे फूल, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. पणजी त्याला त्याच नावानं हाक मारायची आणि दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत तेही ठेवायची.

घरातली गोष्ट अशी: पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. इटलीत त्यांनी एका बड्या जर्मन साहेबाला लोळवलं आणि त्याच्या टोपीवरचं हे फूल उपटून आणलं. कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा ते खिशातच होतं म्हणे. मागच्या दिवाळीत आजोबांनी ते माझ्या हातात दिलं. “तुझ्या मोबाईलवर बघ साहेब कोण होता. कळलं तर फ्रेम करू.”

फूल कुठलं ते लगेच कळलं. एडलवाइस, आल्प्सच्या उंच कड्यांवर उगवणारं पांढरं रानफूल. जर्मन सैन्यातल्या पर्वतीय तुकड्यांचं, म्हणजे गेबिर्ग्सयेगरांचं ते चिन्ह. 1939 पासून ते त्यांच्या टोपीवर आलं. पुढचं सगळं मात्र बारकाव्यांचं काम होतं.

पहिला बारकावा देठाचा. टोप्या दोन प्रकारच्या. परेडची, चकचकीत सालाची टोपी. तिच्यावर वर गरुड, खाली काळा-पांढरा-लाल गोल, आणि दोघांच्या मधोमध बिनदेठाचं छोटं एडलवाइस. दुसरी डोंगरात वापरायची कापडी टोपी, बेर्गम्युत्से. तिच्या डाव्या बाजूला देठ आणि पानं असलेलं फूल. आमच्या फुलाला देठ आहे. म्हणजे ते लढाईतल्या टोपीवरचं. इथवर गोष्ट जुळत होती.

पण देठाचं फूल शिपायाच्या टोपीवरही असायचं आणि अधिकाऱ्याच्याही. 1942 नंतर अधिकाऱ्याच्या बेर्गम्युत्सेला माथ्याभोवती रुपेरी गोट असायचा. फरक तिथं होता. फूल टोपीवरून निघालं की गोट टोपीबरोबर गेला. साहेब की शिपाई, हे ते फूल आता कधीच सांगणार नाही. मला याचं वाईट वाटलं, खरं सांगतो. मी एकदम जनरल वगैरे मनात धरून बसलो होतो.

मग शंका नकलेची. या वस्तूंना जगभर गिऱ्हाईक आहे, म्हणून नकलाही ढिगानं. साच्यात ओतलेल्या नकलेत हवेच्या बुडबुड्यांचे खळगे दिसतात, कडा गोलसर, पाकळ्यांवरच्या रेषा पुसट. शिवाय आजच्या जर्मन सैन्याचे पर्वतीय जवानही टोपीवर एडलवाइसच लावतात, त्यामुळं नवा बिल्ला जुना म्हणून सहज खपतो. आमचं मात्र पणजीच्या हळदीकुंकवानं इतकं माखलेलं होतं की त्याचं वय विचारायची गरज नव्हती. (जाणकार सांगतात, जुना बिल्ला घासू नये. आमच्याकडं दर दसऱ्याला चिंचेनं घासला जायचा.)

राहिला धातू. सुरुवातीचे बिल्ले ॲल्युमिनियमचेही असत. युद्ध लांबलं आणि चांगला धातू विमानांना लागू लागला तसं स्वस्त जस्त आलं. ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यांनी फूल आधी हवेत आणि मग दोऱ्यानं पाण्यात सोडून तोललं. पाण्याच्या जवळजवळ 7 पट जड. ॲल्युमिनियम पावणेतीन पटही भरत नाही. फूल जस्ताचं होतं.

म्हणजे जर्मलचं नव्हतंच.

इटलीत त्या वेळी काय चाललं होतं तेही वाचलं. 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथंच गोळी लागून गेले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळ्यांच्या पावसातून उचलून आणलं आणि परत जाऊन ठाणी उडवली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पण याच रेजिमेंटची दुसरी बटालियन जून 1942 मध्ये तोब्रुकला कैद झाली होती. युरोपात नेलेल्या अशा हिंदी कैद्यांमधूनच सुभाषबाबूंच्या आझाद हिंदची जर्मनीतली फौज उभी राहिली. त्यांच्या बाहीवर झेपावणारा वाघ आणि अंगावर जर्मन गणवेश, त्यावर तोच गरुड. तेव्हा टोपी जर्मन म्हणजे डोकंही जर्मन, असं समजू नये.

आणि 2 मे 1945 ला इटलीतल्या जर्मन सैन्यानं शस्त्रं ठेवली तेव्हा लाखो माणसं एकदम कैदी झाली. विजेत्या शिपायांनी कैद्यांचे बिल्ले काढून घेतले, कैद्यांनी सिगारेटींच्या बदल्यात दिलेही. फूल हातात यायला कुणाला लोळवावंच लागत होतं असं नाही.

हे सगळं आजोबांना सांगायला मी आठ दिवस घेतले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे साहेब नव्हता?”

“असेलही. फुलावरून कळत नाही.”

“आणि मारला का नाही, ते?”

“तेही नाही कळत.”

“मग कळलं काय तुला?”

मी म्हणालो, “ते जर्मलचं नाही, जस्ताचं आहे.”

आजोबा बराच वेळ फूल उलटंपालटं करत राहिले. “आई मग जर्मलचं का म्हणायची?”

“जर्मनाचं म्हणत असेल.”

“त्या माणसाचं,” ते म्हणाले. मग धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ते ट्रंकेत ठेवलं. फ्रेमचा विषय परत निघाला नाही. यंदाच्या दसऱ्याला पूजेत मांडताना त्यांनी ते तलवारीशेजारी न ठेवता पणजोबांच्या फोटोसमोर ठेवलं.