१६ मार्च १८५० : ‘द स्कार्लेट लेटर’ प्रकाशित

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ही कादंबरी या दिवशी बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातल्या, कर्मठ प्युरिटन पंथाच्या बॉस्टनमध्ये, विवाहबाह्य संबंधातून आई झालेल्या हेस्टर प्रिनला तान्ह्या मुलीसह भर चौकात उभं केलं जातं. छातीवर लाल ‘ए’ (‘अडल्टरी’, म्हणजे व्यभिचार) कायमचा लावायची शिक्षा मिळते. ही निव्वळ कल्पना नव्हे. प्लिमथ वसाहतीच्या १६५८च्या कायद्यात व्यभिचाऱ्यांच्या कपड्यांवर अक्षरं शिवायची तरतूद होती. पण हेस्टर ते अक्षर सोनेरी जरीने भरते आणि शिक्षेतली हवाच काढून घेते. तिला नावं ठेवणारं गाव गव्हर्नरच्या पोशाखाचं भरतकाम तिच्याकडूनच करून घेतं. (नववधूचा शेला तेवढा तिच्याकडे येत नाही!)

कोणी म्हणेल, गाव सोडून गेलेली ती अखेरीस परतून आपणहून तेच अक्षर लावते, म्हणजे तिने हार मानलीच की. पण तेव्हा तशी सक्ती करायला एकही न्यायाधीश धजला नसता, असं हॉथॉर्नच सुचवतात. गांजलेल्या बायका सल्ल्यासाठी तिचंच दार ठोठावतात. तिच्या मुलीचा बाप, पाद्री डिम्सडेल मात्र सात वर्षं गुपित पोटात ठेवून गावाचा आदर मिळवतो आणि आतून पोखरला जातो. लेखकाचे पूर्वज जॉन हॅथॉर्न १६९२च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत न्यायासनावर होते. वंशजाने बाजू घेतली ती आरोपीची.