हाडाला हुकूम कोणाचा?

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते वैद्यकीय विद्यालयाच्या कपाटातले, पांढरे नि कोरडे. देहाच्या घराचे निर्जीव वासे, एवढेच आपण त्याला समजतो. हा समज मोडावयास एक जेवण कारणीभूत झाले, हे सांगून खरे वाटणार नाही!

लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर हे कापडावर छपाई करणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवावयास गेले होते. पानातल्या डुकराच्या मांसातील हाड त्यांना तांबडे दिसले. चौकशीअंती कळले, की मंजिष्ठेच्या जातीच्या एका मुळीचा रंग ज्या कोंड्यात उतरला होता, तोच कोंडा त्या डुकरांना घालीत असत. ही हकीकत त्यांनी १७३६ साली प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल यांनी जनावरांना तो रंग कधी घातला, कधी बंद केला. हाडात तांबडे-पांढरे थर आळीपाळीने उमटले. म्हणजे हाड जिवंत होते, रोज बांधले जात होते!

पण हे बांधकाम चालते कोणाच्या हुकमाने? गर्भात बाळाच्या हातापायांची हाडे आधी कूर्चेची, आपल्या कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचिक असतात; मागाहून तीत रक्तवाहिन्या शिरतात आणि तिच्या जागी हाड येते.

उत्तराचा धागा १९६५ साली हाती आला. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतला चुना काढला आणि ते प्राण्यांच्या स्नायूंत पुरले. काही आठवड्यांनी तेथे, भर मांसात, नवे हाड तयार झाले! पुरलेला तुकडा मृत होता. हाड बांधले ते त्या प्राण्याच्याच पेशींनी. तेही गर्भातल्याच क्रमाने, आधी कूर्चा आणि मग हाड. मृत हाडात हुकूम मात्र शिल्लक होता.

१९८१ साली कुबेर संपत आणि हरी रेड्डी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी अशा हाडातून अर्क काढला. उरलेला चोथा निष्क्रिय ठरला. अर्क त्यात परत मिसळताच हाड बनू लागले. १९८८ साली या प्रथिनांची जनुके सापडली. प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते, निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो आणि पेशी आपले काम बदलते.

हा निरोप अवेळी आला तर? अमेरिकेतल्या हॅरी ईस्टलॅक यांचे स्नायू लहानपणापासूनच हाडात बदलू लागले. १९७३ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते वारले; तोवर त्यांचे जवळजवळ सारे शरीर जखडून गेले होते. अभ्यासासाठी त्यांनी आपला देह दिला. त्यांचा सांगाडा फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. या रोगाचे मूळ २००६ साली सापडले: त्याच ग्राहकाच्या एका जनुकातील एका अक्षराची चूक.

ज्या हुकमाने बाळ उभे राहते, त्याच हुकमाने माणूस कायमचा जखडतो. फरक केवळ स्थळाचा आणि वेळेचा. तो ओळखण्याची विद्या एका तांबड्या हाडापासून सुरू झाली.