तळटीप ३ : ‘आठ बोअरची गोल गोळी’

३. यातला ‘आठ’ हा आकडा इंचाचा नव्हे, मिलिमीटरचाही नव्हे. एक पौंड (४५४ ग्रॅम) शिशाच्या सारख्या आठ गोल गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत चपखल बसेल ती आठ बोअरची बंदूक. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, आठची ५७, तर चारची तब्बल ११३ ग्रॅमची, चांगली आवळ्याएवढी. तोफेचा हिशेब उलटा. देवळाली कॅम्प हे तोफखान्याचे गाव. तिथे ‘पंचवीस-पौंडी’ म्हणजे पंचवीस पौंडांचा गोळा फेकणारी तोफ. आकड्याबरोबर गोळाही वाढतो.

ठासणीची बंदूक मागे पडून काडतूस आले, तरी मोठ्या नळीच्या शिकारी रायफलींत गोल गोळी काही काळ टिकली. शिकारी ती साच्यात ओतत आणि काडतुसात दारूवर नमद्याची चकती बसवून वर भरत. त्याच नळीच्या लांबट गोळीपेक्षा ती हलकी, म्हणून खांद्याला धक्का कमी. पण हवेत वेग लवकर गमावते, म्हणून पल्ला आखूड. नुसते शिसे रानगव्याच्या हाडावर चपटे होई, म्हणून त्यात थोडे कथील किंवा पारा मिसळत. पुढे गोळी लांबट झाली. ‘गोळी’ हा शब्द मात्र गोलच राहिला. — संपा.