जिमखान्यातले घोडे कुठे गेले?

कॉलेजच्या प्रवेशाच्या पावतीवर एक रकाना ठरलेला असतो: जिमखाना शुल्क. त्या पैशांत कॅरमच्या सोंगट्या येतात, टेबल टेनिसची जाळी येते, वार्षिक स्पर्धेच्या ढाली येतात. घोडा तेवढा येत नाही. खरं तर त्याचाच पहिला हक्क. गोऱ्यांच्या छावण्यांत हा शब्द रुळला तेव्हा जिमखाना म्हणजे खेळांची जागा तर होतीच, पण त्या जागेवर भरणारा घोड्यांच्या शर्यतींचा हौशी मेळाही जिमखानाच होता.

मुंबईत भायखळ्याला आणि १८८३पासून महालक्ष्मीला होणाऱ्या शर्यती हे बड्या पेढीचं काम. मोफसलातला मेळा घरगुती. पलटणीतला एखादा कॅप्टन मानद चिटणीस व्हायचा. कवायतीच्या मैदानावर बांबू आणि निशाणं रोवून धावपट्टी आखली जायची. तट्टांची उंची मोजायची, कारण हाताच्या मापाने वर्ग पडत. स्वारांना तराजूत बसवून वजन करायचं आणि चांगल्या घोड्यावर जादा भार चढवून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. हे भार ठरवणाऱ्या माणसाशी अर्धी छावणी नंतर महिनाभर बोलत नसावी, असा माझा कयास आहे. आदल्या रात्री मेसमध्ये 'लॉटरी': आधी चिठ्ठ्या विकायच्या, मग एकेका घोड्याचा लिलाव पुकारायचा. दिवसा सरळ शर्यती संपल्या की नेजाबाजी, आणि त्यानंतर निव्वळ थिल्लरपणा. पेटती सिगार तोंडात आणि उघडी छत्री हातात धरून घोडा दौडवायचा. सिगार विझली की बाद. मोतद्दार आणि घासवाले दोरीपलीकडून हे पाहत असत. त्यांना काय वाटलं असेल, ते लिहायची तसदी कोणी घेतली नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे गुंतला आहे. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६मध्ये निघाला. त्यात जिमखाना अगदी नवा शब्द असल्याचं म्हटलंय. चाळीस वर्षांपूर्वी तो कोणाला ठाऊकही नव्हता. कोशकारांना सापडलेला पहिला वापर १८६१चा, तोही रुडकीचा, म्हणजे गंगेच्या कालव्यावरचा. पण त्याच नोंदीत ते सांगतात की हा बनवलेला शब्द आहे आणि आमच्या मते तो घडला मुंबई इलाख्यात! पुरावा रुडकीचा आणि जन्म आमच्याकडचा. असं का वाटलं, याचा खुलासा नाही. मी या एका वाक्यावर अडून बसलो ते आजतागायत.

कोशकारांची व्युत्पत्ती आहे 'गेंदखाना'. हिंदुस्थानीत गोऱ्यांच्या रॅकेट कोर्टाला तसं म्हणत. गेंदचं 'जिम' झालं ते जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने. ऐकायला गोंडस. पण मग शब्द मुंबईचा कसा? आपल्याकडे चेंडू, गेंद नव्हे. आणि 'ग'चा 'ज' कानाने होत नाही, डोळ्याने होतो. इंग्रजी लिपीत 'जी' या अक्षरापुढे 'ई' किंवा 'वाय' आला की साहेब सवयीने 'ज' वाचतो. म्हणजे गेंदखाना कागदावर वाचून बिघडला असं मानावं लागतं. खेळाचे शब्द मैदानावर ओरडले जातात, फायलींत वाचले जात नाहीत.

दुसरा दावेदार 'जमातखाना'. हा मुंबईत शोभतो. खोजांचे जमातखाने इथे, आणि त्यांचे पहिले आगाखान मुंबईत आले तेच शर्यतीच्या घोड्यांचे मोठे शौकीन. जोडणी इतकी सुरेख आहे की मोह पडतो. पण त्यातला 'त' गेला कुठे? आणि प्रार्थनेच्या, जमातीच्या जागेचं नाव साहेबाने तट्टांच्या धिंगाण्याला का द्यावं? मी हा दावा फेटाळतो.

माझा उमेदवार घरचा आहे: तालीमखाना. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांची जी यादी परंपरेने दिली जाते, तिच्यात पीलखाना, तोफखाना, फरासखाना, नगारखाना यांच्या पंगतीला तालीमखानाही बसलेला आहे. मराठी मुलखात 'खाना' जोडून नवं खातं उघडणं ही हाताची सवय. दवाखाना आणि छापखाना हे त्याच सवयीने झाले. आता तारखा पाहा. १८६०मध्ये ब्रिटिश लष्कराने बारा शिपाईगड्यांना ऑक्सफर्डच्या आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्याकडे व्यायामशास्त्र शिकायला धाडलं आणि जिम्नॅशियमचं वारं पलटणींत शिरलं. पुढच्याच वर्षी रुडकीत जिमखाना निघतो. मुंबई इलाख्यातल्या कोणा अधिकाऱ्याने तालीमखान्याचं अर्धं भाषांतर केलं, पुढचं इंग्रजी आणि मागचं तसंच ठेवलं, आणि बदलीवर जाताना शब्द उत्तरेला नेला, असं मी मानतो. कोशकारांचं 'मुंबई इलाख्यात' हे कोडं एवढ्याने सुटतं. रुडकी पडलं इंजिनियरांचं आणि सॅपर्सचं गाव. बदल्यांना तोटा नव्हता.

आता माझंच कातडं किती ताणलं जातंय तेही बघायला हवं. कातडं म्हणजे जव्हारचं. तिथल्या मुकणे राजघराण्याच्या मूळपुरुषाने वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांच्या घेरात अख्खा मुलूख घेतला, अशी कथा ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. हीच कथा कार्थेजच्या डिडो राणीचीही. व्युत्पत्ती मांडणारा नेहमी त्या मूळपुरुषासारखा वागतो: हातात चार अक्षरांचं कातडं, पण पट्ट्या कापत कापत तो राज्य घेरतो. माझ्या पट्टीला एक भोक आहे. 'जिम' हे शाळकरी लघुरूप १८६१पर्यंत पलटणींत रुळलं होतं का, हा प्रश्न उरतो. रुळलं असणार, असं म्हणून मी पुढे जातो.

जव्हारचं नाव निघालंच आहे, तर तिथला संस्थानी कारभार ज्याच्या नजरेखाली चाले, तो ठाण्याचा कलेक्टर. माथेरानही तेव्हा ठाण्यातच. १८५०मध्ये माथेरान गोऱ्यांच्या नकाशावर आणणारा ह्यू मॅलेट याच हुद्द्यावरचा. डोंगरमाथ्यावरच्या त्या थंड हवेच्या गावात ऑलिंपिया नावाचं शर्यतीचं मैदान झालं. हौशी मेळ्याचा जुना थाट कळायचा तर महालक्ष्मीला न जाता इथे जावं. मोटारींना बंदी असल्याने माथेरानात घोडा अजून पोटापाण्याचा आहे.

मग मराठी जिमखान्यातून घोडा गेला कसा? घोड्याला पैसा लागतो, क्रिकेटला तुलनेने कमी. १८७५च्या बॉम्बे जिमखान्याची दारं हिंदी माणसाला बंद, म्हणून पारशी, मुसलमान आणि हिंदूंनी आपापले जिमखाने काढले, ते क्रिकेटसाठी. पैजेच्या शर्यती टर्फ क्लबांनी उचलल्या. मधल्यामध्ये शब्द बिनघोड्याचा झाला. तसंही आपल्याकडे हत्तीला पीलखाना, उंटाला उष्ट्रखाना, पण घोड्याला पागा. खान्यात तो कधी राहिलाच नाही. विलायतेत नेमकं उलट झालं. तिथे जिमखाना म्हणजे तट्टांवरच्या पोरांचे खेळ, बाकी सगळं गळालं. जपानात आणि अमेरिकेत तर खुंट्यांभोवती मोटारी गरगरवण्याला जिमखाना म्हणतात.

पुण्यात १९०६मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. तिथल्या १९१९च्या क्रीडास्पर्धेत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहिली, त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाताना पाहिल्या, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ धाडायचं मनावर घेतलं. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वा आला. छावणीच्या मेळ्यात दोरीपलीकडे उभी राहणारी माणसं इथे दोरीच्या आत धावली. जिमखान्याच्या सगळ्या अवतारांत मला हाच पसंत आहे.

गेंद की तालीम, हा वाद मिटवायला एकच गोष्ट पुरेल: १८६१च्या आधीचा, मुंबई इलाख्यातला एखादा छापील 'जिमखाना'. ज्यांच्या हाती 'ज्ञानप्रकाश'चे किंवा 'बॉम्बे टाइम्स'चे त्याआधीच्या दशकातले अंक असतील, त्यांनी पुण्याच्या आणि नगरच्या छावण्यांच्या बातम्या जरूर चाळाव्यात. तालीमखाना सापडला तर उत्तम. गेंद सापडला तरी कळवा.