परका कोण? कोरड्या डोळ्याची गोष्ट

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘आपला कोण, परका कोण’ यावर तासन्‌तास बोलतो. मूळपेशींच्या प्रत्यारोपणात हा प्रश्न अंगावरच येतो. इथे दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परकं ठरवू शकतात. पाहुणाच यजमानावर उठतो म्हणा ना! १९५७ मध्ये डॉनल थॉमस यांनी या उपचाराची वाट पाडली, १९९० मध्ये नोबेल मिळालं. रक्ताच्या कर्करोगातून माणसं वाचू लागली, पण काहींच्या अश्रुग्रंथी सुकल्या. पापणी मिटली तरी वाळू खुपावी तसं होतं.

थेंब आहेत, रुग्णाच्याच रक्तद्रवापासून केलेलेही आहेत. तेवढ्यानं भागलं नाही तर जे वापरतात, ते मात्र जुनं आहे. १८८८ मध्ये झ्युरिकच्या आडोल्फ फिक यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारं काचेचं भिंग केलं, आत द्रावण भरून. हेतू होता नजर सुधारण्याचा. पण काचेतून प्राणवायू जात नाही. दोनेक तासांत डोळा कुरकुरायचा. पुढे भिंगं लहान झाली, हे मोठं मागं पडलं. प्राणवायू जाऊ देणारं प्लास्टिक आलं, तेव्हा ते परतलं. आता त्यात सलाइन भरतात, बुबुळासमोर दिवसभर जणू तळंच राहतं. दाह मात्र त्यानं शमत नाही, औषधं चालूच ठेवायची. आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.