दाखल्यावरचा जातीचा रकाना

जूनमध्ये वाईच्या सेतू केंद्राबाहेर एक प्रश्न हमखास कानावर पडतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला का? जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. अनेक घरांत तो शाळेच्या जनरल रजिस्टरातच सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात मोडीतली जुनी दप्तरंही उघडली गेली.

हक्क मिळावेत म्हणून शाळेतली जातीची नोंद सुरू झाली नव्हती. इंग्रजी अमदानीत शिक्षण खात्याच्या अहवालांत विद्यार्थ्यांची धर्म-जातवार कोष्टकं असत. सरकारच्या लेखी ती गणती होती. मुलाची मात्र वर्गातली जागाच जातीवरून ठरे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. शाळेत बसायचं गोणपाट त्याला रोज घरून न्यावं लागे. झाडलोट करणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे. बाबासाहेबांच्या आठवणींत मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की, त्या वयात त्यांना हे सारं नेहमीचंच वाटत होतं. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरून कोरेगावला वडिलांकडे जाताना, अंगावर चांगले कपडे आणि खिशात पैसे असूनही वाटेत कुणी पाणी देईना, तेव्हा कुठे ते मूल विचारात पडलं. आपण कोण, हे शाळेनं त्याला आधीच शिकवून ठेवलं होतं.

शाळा उलटंही शिकवू शकते. कटगुणचं मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, ‘ज्ञानोदया’त तो छापून आला. तिच्यावर लादलेली जात तिनं स्वतःच्या तोंडून सांगितली, जाब विचारत सांगितली. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली.

असे शिक्के मुलांच्या मनावर लहानपणीच बसतात, हे इतरत्रही दिसलं आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी काळ्या मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. पुष्कळांनी गोऱ्या बाहुलीलाच चांगली म्हटलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या निकालात या अभ्यासाची दखल घेतली.

रकाना आज हवाच. तो पुसला तर शिष्यवृत्ती आणि आरक्षणाचा आधार जाईल. पण शिष्यवृत्तीच्या यादीसाठी सहा-सात वर्षांच्या पोरांना भर वर्गात जातीवरून हात वर करायला लावू नये. ती माहिती पालकांकडून घ्यावी, आणि रजिस्टर कपाटातच राहू द्यावं.