जुने पत्रक आणि कायद्याची कसोटी

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले, की जुन्या दगडांबरोबर जुने कागदही बाहेर येतात. कोणाच्या माळ्यावरील पेटीत सनदेची नक्कल सापडते, तर कोणाच्या देवघरात पिवळे पडलेले छापील पत्रक. ‘हे देऊळ अमक्या राजाने बांधले, अमक्या घराण्याला पूजेचा मान दिला’ हे वाचून एक घर हरखते, तर दुसरे दुखावते. अशा वेळी कागदाची नीट पारख करणे, हीसुद्धा देवाची सेवाच होय.

अशी पारख आपल्या मुलखात मोठ्या प्रमाणावर झाली ती इनाम कमिशनच्या वेळी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये सारामाफीच्या जमिनींची चौकशी सुरू झाली. इनामदाराने सनद दाखविली, की ती पुण्याच्या पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडून पाहत. नुसता शिक्का पाहून भागत नसे. अनेकांची इनामे गेली, लोकांत असंतोषही माजला. परंतु एका कागदाची साक्ष दुसऱ्या कागदाने काढावी, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. त्याच्या कलम ९० प्रमाणे तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर झाला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालयाला धरून चालता येते. देवस्थानचा कागद विश्वस्तांच्या किंवा पुजाऱ्यांच्या पेटीत निघाला तर ते स्वाभाविक होय. तो कोठून आला हेच सांगता येत नसेल, तर शंकेला जागा राहते. ही सवलत मुळाला आहे, नकलेला नाही, असा निवाडा १९३५ साली प्रिव्ही कौन्सिलने दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून हेच तत्त्व त्याच्या कलम ९२ मध्ये आहे.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सही खरी ठरली म्हणजे मजकूर खरा ठरला असे नव्हे. छापील पत्रकावर तर बहुधा सहीही नसते. म्हणून प्रथम छापखान्याचे नाव व गाव पाहावे. १८६७ च्या कायद्याने ते छापणे बंधनकारक केले होते. मग लिहिणाऱ्याला ही माहिती कोणाकडून मिळाली, ते शोधावे. शेवटी काळ तपासावा. राज्याभिषेक शक १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून सुरू झाला. त्याआधीचा म्हणविणाऱ्या कागदावर तो शक असेल, तर तो कागद मागाहून केलेला, हे उघड आहे.

एखादे पत्रक या कसोटीला उतरले नाही, म्हणून देवाचे माहात्म्य उणे होत नाही. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून सांगावी, नोंद ही नोंद म्हणून. आज हाती असलेली ही स्मरणिकाही तीस वर्षांनी जुना कागदच होणार आहे. तेव्हा देणगीदारांची नावे, रकमा आणि तारखा पावतीबरहुकूम असाव्यात, म्हणजे उद्याच्या पिढीला भांडणाचे कारण राहणार नाही. ग्रामदैवत सर्वांना तशी सद्बुद्धी देवो.